अमिगा १२०० साठी कुठलं अ‍ॅक्सिलरेटर कार्ड: ०३०, ०६० की पायस्टॉर्म?

एरंडवणेकर

नमस्कार मंडळी. मामाचा अमिगा १२०० (कमोडोरचा जुना घरगुती कॉम्प्युटर) माझ्या वाट्याला आलाय. १९९३ साली स्टुटगार्टहून परत येताना त्याने आणला होता. मग लग्न, नोकरी, कर्वेनगरचा फ्लॅट असं करत माळ्यावर गेला (अमिगा, मामा नव्हे). आता फ्लॅट रीडेव्हलपमेंटला गेल्यामुळे माळा रिकामा झाला आणि मशीन माझ्याकडे.

सुदैवाने चालू होतो. युरोपातला असल्यामुळे पाल (आपल्याकडचीच टीव्हीची पद्धत) आहे, म्हणून कंपोझिटची पिवळी वायर घरातल्या टीव्हीला लावली तर रंगासकट चित्र आलं. आवाज मात्र डावीकडून खणखणीत आणि उजवीकडून अगदी दबलेला. हार्ड डिस्कच्या जागी सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) मेमरी कार्ड बसवलंय, आणि फाइली लॅपटॉपवरून आणायला पीसीएमसीआयएच्या खाचेत दुसरं सीएफ कार्ड अडॅप्टरमध्ये घालतो. बाकी मशीन कंपनीतून निघालं तसंच आहे. सिसइन्फो (मशीनची माहिती सांगणारा प्रोग्रॅम) म्हणतो: प्रोसेसर ६८ईसी०२०, १४.१८ मेगाहर्ट्झ, चिप रॅम २ एमबी, फास्ट रॅम शून्य.

करायचंय काय, तर डीलक्स पेंटमध्ये चित्रं, प्रोट्रॅकरमध्ये थोडं संगीत, डब्ल्यूएचडीलोडवरून (फ्लॉपीचे जुने गेम हार्ड डिस्कवरून चालवणारा प्रोग्रॅम) गेम्स, आणि शाळेत असताना मित्राच्या ४८६ वर तोंडाचा आ करून पाहिलेला डूम ह्याच मशीनवर चालवायचा आहे. बायकोचं म्हणणं, डूम फोनवरही चालतो. तिचं बरोबर आहे, पण मुद्दा तो नाही.

वेग वाढवायला समोर चार अ‍ॅक्सिलरेटर कार्डं आहेत (०३०, ०६० म्हणजे ६८०३०, ६८०६० हे ०२० च्या पुढचे प्रोसेसर). जर्मनीतल्या एकाकडचं जुनं ब्लिझार्ड १२३०-४, नवं एसीए मालिकेतलं ०३० कार्ड, टीएफ१२६० (म्हणजे ६८०६०), आणि पायस्टॉर्म३२-लाइट. बेंचमार्कचे तक्ते वाचून वाचून डोक्याचा भुगा झालाय, कारण प्रत्येक तक्त्यात पायस्टॉर्मची पट्टी पानाबाहेर जाते आणि बाकीच्या मुंगीएवढ्या दिसतात. मग लोक ०३० अजून घेतात कशाला? पुण्यातल्या मे महिन्यात यातलं काय टिकेल? आणि मामाचा मूळ पॉवर सप्लाय पुरेल का?

पायवाला_हिंजवडी

पायस्टॉर्म. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो. बोर्ड खालच्या ट्रॅपडोअरच्या कनेक्टरला बसतो, त्यावर रास्पबेरी पाय (एका बोर्डाचा छोटा कॉम्प्युटर) बसतो. पायवर लिनक्स वगैरे काही नसतं, एमू६८ हा इम्युलेटर थेट हार्डवेअरवर चालतो. तो ६८के (अमिगाच्या ६८००० घराण्यातल्या प्रोसेसरच्या) सूचनांचं चालता चालता एआरएममध्ये भाषांतर करतो, त्यामुळे स्विच दाबला की काही सेकंदांत वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप). रॅम पायचीच, हवी तेवढी. पायच्या एचडीएमआयमधून आरटीजी (अमिगाच्या स्वतःच्या ग्राफिक्स चिपा वगळून काढलेली) स्क्रीन मिळते. आणि खऱ्या ०६० च्या नुसत्या चिपला जेवढे मोजाल तेवढ्यात इकडे पायसकट अख्खं काम होईल. डूम पूर्ण पडद्यावर पळतो. मी रोज वापरतो.

तापकीरगल्ली

एरंडवणेकर, कार्ड जरा बाजूला ठेवा. उजवीकडचा आवाज दबलेला आहे हे तुम्ही ओघात लिहून गेलात, माझ्या दृष्टीने तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

१२०० मध्ये कमोडोरने सरफेस माउंटचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वापरलेत आणि ते गळतात. गळलेलं द्रव्य पीसीबीवर पसरून ट्रॅक खातं. एका बाजूचा आवाज जाणं हे त्याचं नेहमीचं पहिलं लक्षण. झाकण उघडा, मागच्या बाजूला ऑडिओच्या लाल-पांढऱ्या सॉकेटजवळ चांदीच्या रंगाचे छोटे डबे दिसतील. त्यांच्या पायाशी सोल्डर चकचकीत हवं. तुमच्याकडे ते राखेसारखं मळकट दिसेल असं मी आत्ताच सांगतो. सोल्डरिंगची गरम कांडी लावली की कुजक्या मासळीचा वास येतो, तो आला की संशयच राहत नाही. सगळे कॅपॅसिटर बदला, खालचे पॅड आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासून स्वच्छ करा. हाताला सवय नसेल तर स्वतः करू नका. जुने कॅपॅसिटर पकडीने पिळून काढायचे व्हिडिओ बघून लोक पॅडच उपटून आणतात आणि मग माझ्यासारख्याला भिंगाखाली बारीक तारा जोडत बसावं लागतं.

दुसरं, सप्लाय. १२०० बरोबर जो सप्लाय यायचा तो अमिगा ५०० च्या जाडजूड विटेपेक्षा अशक्त होता. रिकाम्या मशीनला पुरतो. त्यावर कार्ड, सीएफ, फ्लॉपी असं सगळं लादलं की ५ व्होल्टची लाइन बसते. मग मशीन मधूनच लटकतं, आणि माणूस कार्डाला शिव्या देतो. फ्लॉपी ड्राइव्हला आतून जी पॉवरची वायर जाते तिथे मल्टिमीटर लावा. आधी नुसतं वर्कबेंच उघडं ठेवून, मग फ्लॉपी फिरत असताना. ४.७५ च्या खाली गेलं तर त्या सप्लायवर कुठलंच कार्ड लावायचं नाही. सप्लायच्या विटेच्या तोंडाशी मोजू नका, तिथे ५ दिसतं आणि त्यातलं थोडं पुढे वायरमध्ये हरवतं. ५००, ६०० आणि १२०० चा प्लग एकच आहे, त्यामुळे ५०० ची जुनी दणकट वीट मिळाली तर चालते. नाहीतर मीनवेलचा आरटी-६५बी घ्या, त्यात +५, +१२ आणि -१२ तिन्ही मिळतात. डब्यात नीट बंद करून, अर्थिंग देऊन. उघडा ठेवून वापरणारे महाभाग पाहिलेत मी.

आता वेगाचं. तुमच्या मशीनमध्ये प्रोसेसर मंद आहे हे खरं, पण त्याहून मोठी गोम फास्ट रॅम शून्य असण्यात आहे. चिप रॅम ही प्रोसेसर आणि ग्राफिक्स-आवाजाच्या चिपांची सामायिक. सकाळच्या पाण्याला चाळीतला एकच नळ असावा तसं, अलिसचा (ग्राफिक्सच्या चिपचा) हंडा भरेपर्यंत ०२० बाई थांबून असतात. फास्ट रॅम हा प्रोसेसरचा स्वतःचा नळ. तोच १४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ठेवून नुसती फास्ट रॅम घातली तरी मशीन साधारण दुप्पट पळतं. तक्त्यांमध्ये ही उडी दिसतच नाही, कारण तक्ते सुरू होतात तेच रॅम धरून.

आणि कुठलंही कार्ड लावा, चिप रॅमचा वेग वाढत नाही. ०३० असो, ०६० असो, नाहीतर हिंजवडीचा पाय असो, एजीए ग्राफिक्सच्या (म्हणजे १२०० सारख्या) मशीनवर प्रोसेसरला चिप रॅममध्ये सेकंदाला ७ एमबीच्या आसपास लिहिता येतं. तो मदरबोर्डचा हिशोब आहे, कार्डाचा नाही. म्हणून तुमची यादी घेऊ. डीलक्स पेंटचं चित्र चिप रॅममध्ये राहतं. प्रोट्रॅकरचे सॅम्पल चिप रॅममध्येच लागतात, कारण पॉलाला (आवाजाच्या चिपला) दुसरीकडचं वाचताच येत नाही. फास्ट रॅममुळे प्रोग्रॅम तिकडे जातात आणि चिप रॅम मोकळी होते, हा फायदा. पण १२८ एमबीचं कार्ड घेतलं म्हणून १२८ एमबीचे सॅम्पल वाजणार नाहीत. डब्ल्यूएचडीलोड गेम रॅममध्ये उचलून ठेवतो, त्याला ८ एमबी मिळाली तरी बहुतेक गेम खुश.

राहता राहिला डूम. ३२० गुणिले २०० म्हणजे एका चित्राला ६४,००० बाइट. डूम सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रं काढतो, म्हणजे सव्वादोन एमबी. ७ एमबीच्या नळातून ते निघतं. अडतं कुठे, तर डूम प्रत्येक ठिपक्याला एक बाइट लिहितो आणि अमिगाला तेच चित्र आठ बिटप्लेनमध्ये (प्रत्येक ठिपक्याचा एकेक बिट वेगळा ठेवणाऱ्या थरांत) उभं चिरून हवं असतं. ते चिरण्याचं काम, शिवाय मुळात चित्र काढायचं काम, सगळं प्रोसेसरवर. ५० मेगाहर्ट्झच्या ०३० ला ते झेपत नाही. खिडकी लहान करून, डिटेल कमी करून ‘चालतो’ म्हणायचं. ०६० वर नीट चालतो.

तर सांगायचं हे की तुमच्या चार कामांपैकी तीन ०३० वर आरामात होतात, आणि चौथ्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे घालायचे का ते तुम्ही ठरवा. मी असतो तर नवं ०३० घेतलं असतं. ब्लिझार्ड कार्ड उत्तमच होतं, फेज५ ने बनवलेलं काम आजही बघत राहावं असं आहे, पण त्याला आता तीस वर्षं होत आली. जुना माल परदेशातून मागवायचा, कस्टम्सशी हुज्जत घालायची, वर ७२ पिनचं सिम शोधत फिरायचं. नव्या एसीएवर रॅम बोर्डावरच असते.

०६० घ्यायचाच असेल तर चिप कुठून घेता ते बघा. बाजारात घासून पुन्हा छापलेल्या चिपा आहेत. आमच्या एका मित्राला एका ऑनलाइन विक्रेत्याने ‘पूर्ण ०६०’ म्हणून पाठवलेली चिप एलसी निघाली, म्हणजे एफपीयूच (दशांशाची गणितं करणारा भाग) नाही. वरचा भाग बोटाने चोळला तर बारीक पॉलिश पेपरचे ओरखडे नखाला लागत होते, आणि अक्षरं जरा जास्तच पांढरीशुभ्र होती. १९९४ नंतरची चिप इतकी ताजी दिसत नाही.

पायवाला_हिंजवडी

काका, नळाचं उदाहरण मान्य, पण तुम्ही अर्धंच सांगितलंत. आरटीजीमध्ये चित्र चिप रॅममध्ये जातच नाही. पायच्या मेमरीत जातं आणि तिथून एचडीएमआयला. ते उभं चिरणंही नाही, कारण आरटीजीला ठिपक्याला एक बाइट चालतो. म्हणजे डूमसाठी तुमचे दोन्ही अडथळे गायब. चाळ सोडून फ्लॅटमध्ये राहायला गेलो आम्ही.

तापकीरगल्ली

बरोबर आहे तुझं. आरटीजीच्या प्रोग्रॅमना हे लागू. पण डीलक्स पेंट आणि यच्चयावत जुने गेम एजीएच्या स्क्रीनवरच येतात, आणि ती स्क्रीन पायच्या एचडीएमआयमधून आपोआप येत नाही, मागच्या जुन्याच सॉकेटमधून येते. म्हणजे टीव्हीला दोन वायरी आणि रिमोटवर इनपुट बदलत बसणं. हे कुणी तक्त्यात लिहीत नाही.

शिवाय एमू६८ मध्ये एमएमयू (मेमरीची वाटणी सांभाळणारा भाग) नाही. एरंडवणेकरांना नेटबीएसडी (युनिक्ससारखी, एमएमयू लागणारी सिस्टिम) चालवायचं नाहीये, त्यामुळे त्यांना फरक पडणार नाही, पण ‘सगळं चालतं’ असं म्हणू नये.

कसबा_मॉड

दोघं भांडून घ्या, तोवर मी प्रोट्रॅकरपुरतं लिहितो. मी १२०० वर गणपतीच्या दिवसांत मुद्दाम ताशाचे सॅम्पल घेऊन मॉड (ट्रॅकरमधली गाणी) करतो, आठ बिट, चार चॅनल, सगळं पॉलावर. माझ्याकडे ०३० आहे आणि प्रोट्रॅकरमध्ये त्याचा उपयोग शून्य. वाजवण्याचं काम चिपा करतात, प्रोसेसर बसून असतो. उपयोग होतो तो सॅम्पल आवळताना आणि एलएचए (झिपसारख्या) फाइली उघडताना. तिथे मात्र चहा करून येण्याएवढा वेळ वाचतो, तो रोज वाचतो.

जुने काही ट्रॅकर आणि डेमो (चित्र-संगीताचे कसब दाखवणारे छोटे प्रोग्रॅम) वेगवान प्रोसेसरवर बिघडतात, कारण लिहिणाऱ्याने वेळ ०२० किंवा ६८००० च्या चालीवर मोजलेली असते. ०३० वर कॅशे बंद केली की बहुतेक जागेवर येतात. गेमच्या बाबतीत हीच डोकेदुखी डब्ल्यूएचडीलोडवाल्यांनी आधीच मिटवून ठेवलीय, त्याचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

डेमो बघायचे असतील तर अजून एक. आवाज आणि चित्र एकाच तालात हवं असेल तर खऱ्या प्रोसेसरवर जी खात्री वाटते ती मला पायवर वाटत नाही. हे मत आहे, मोजमाप नाही, पायवाल्याने लगेच आकडे टाकू नयेत.

एरंडवणेकर

सगळ्यांना धन्यवाद. झाकण उघडलं. काकांनी लिहिलं तसंच निघालं, ऑडिओ सॉकेटजवळच्या दोन कॅपॅसिटरांच्या पायाशी सोल्डर करडं पडलंय, आणि एकाच्या खाली पीसीबीचा हिरवा रंग फुगल्यासारखा वाटतोय. व्होल्टेज: नुसतं वर्कबेंच ४.८८, फ्लॉपी फिरताना ४.७९. मदरबोर्डवर रिव्हिजन १डी४ लिहिलंय.

दोन शंका. एक, तुमचं वाचून वाटलं की मग प्रोसेसरच नको, नुसतं ८ एमबी फास्ट रॅमचं स्वस्त कार्ड घ्यावं. ते बसवल्यावर पीसीएमसीआयए बंद पडतं असं कुठेतरी वाचलं, खरं का? माझी सगळी देवाणघेवाण त्याच खाचेतून चालते. दोन, गरम होण्याबद्दल कुणीच बोललं नाही. खोली पश्चिमेची आहे, एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

तापकीरगल्ली

व्होल्टेज काठावर आहे. आज मशीन रिकामं असताना ४.७९, म्हणजे कार्ड लावल्यावर ४.७५ च्या खाली जाणार. सप्लाय बदलायचाच.

पीसीएमसीआयएचं खरं आहे, आणि कारण सोपं आहे. तुमचा ईसी०२० पत्त्याच्या २४ वायरी बाहेर काढतो, म्हणजे त्याला एकूण १६ एमबीच दिसतात. त्यात रॅम, रॉम, चिपांचे रजिस्टर, सगळं कोंबायचं. विस्ताराच्या रॅमसाठी ८ एमबीचा पट्टा ठेवलाय, आणि पीसीएमसीआयएला जो ४ एमबीचा तुकडा दिलाय तो ह्याच पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात येतो. तिथे रॅम बसली की खाच गेली. म्हणून त्या स्वस्त कार्डांवर एक जंपर असतो, तो बदलून ४ एमबीवर ठेवलं की खाच चालते. ०३० आणि ०६० च्या कार्डांवरची रॅम १६ एमबीच्या पलीकडे, ३२ बिटच्या मोकळ्या मैदानात असते, त्यामुळे तिकडे हा तंटाच नाही. तुमच्या खाचेसाठी एवढं एक कारण ०३० कडे झुकायला मला पुरेसं वाटतं.

उष्णतेचं. ५० मेगाहर्ट्झचा ०३० पंख्याशिवाय चालतो, बोट ठेवलं तर गरम लागतो पण ठेवता येतं. ०६० चं व्होल्टेज ३.३, त्यामुळे तोही सांभाळून घेण्यासारखा. अ‍ॅल्युमिनियमचं छोटं हीटसिंक लावावं. वाईट होता तो ०४०, ५ व्होल्टवर चालणारा तवा. तो कुणी स्वस्तात देतो म्हणाला तरी १२०० च्या पोटात घालू नका, खाली हवा फिरायला जागाच नसते. पायबद्दल पायवाला सांगेल.

१डी४ बोर्डाबद्दल: ह्या रिव्हिजनवर क्लॉकच्या लाइनवर बसवलेल्या काही सुट्या भागांमुळे वेगवान कार्ड अस्थिर चालतात असा अनुभव आहे, ते काढावे लागतात. आधी काढू नका. कार्ड लावून बघा, लटकलं तरच. कॅपॅसिटर बदलायला मशीन ज्याच्याकडे जाईल त्याला सांगून ठेवा, म्हणजे एकदाच उघडलं जाईल.

कार्ड बसवताना मशीन उलटं करून मऊ कापडावर ठेवा, कनेक्टरची सोनेरी कडा आयपीएने पुसा, आणि कार्ड सरळ रेषेत दाबा. दोन्ही अंगठे दोन टोकांना. हलवत हलवत आत घालायची आपली सवय असते प्लग घालताना, तशी इथे चालत नाही; १५० संपर्क आहेत, एखादा वाकला तर दिवसभर शोधत बसाल.

पायवाला_हिंजवडी

पाय ४ ला हीटसिंक लागतोच, आणि ट्रॅपडोअरचं झाकण मी सरळ काढून ठेवलंय. ८० अंशांवर पाय स्वतःच वेग कमी करतो. कमी केला तरी ०६० च्या पुढेच असतो, हे काकांना टोमणा म्हणून नाही, माहिती म्हणून. पायही मशीनच्याच ५ व्होल्टवर जगतो, त्यामुळे तुमच्या ह्या सप्लायवर तो लावायचा विचारही नको. सप्लायबद्दल काका शंभर टक्के बरोबर.

कार्ड मागवायच्या आधी बघायचं असेल तर मी माझा बोर्ड घेऊन येतो, तुमच्या मशीनवर लावून बघू. नवीन सप्लाय आणि नवे कॅपॅसिटर झाल्यावर. त्यानंतरही ०३० हवासा वाटला तर घ्या, मला वाईट वाटणार नाही.

एरंडवणेकर

ठरलं. मीनवेल आजच मागवला. मशीन उद्या कॅपॅसिटरसाठी देतोय, नारायण पेठेत एक जण हे काम करतो असं कळलं, त्याला १डी४ चं सांगून ठेवतो. कार्ड बहुधा एसीएचंच घेईन, पीसीएमसीआयएचं ऐकल्यावर मन तिकडेच गेलंय. पण डूम पूर्ण पडद्यावर एकदा बघायचाच आहे, तेव्हा पायवाले, तुम्ही याच. टीव्हीला एचडीएमआयचं एकच भोक आहे आणि त्यात सेट-टॉप बॉक्स अडकलाय, तर असेल तर स्विच घेऊन या.

कसबा_मॉड

मीही येतो. ताशाचा मॉड उजव्या बाजूच्या आवाजासकट ऐकवायचा आहे.